बंद गाडीतला हीटर

आप्पा, घरी बोलताना मी तुम्हाला 'तू'च म्हणायचे. लिहायला बसलं की शाळेतली मराठी येते आणि तुम्ही थोडे लांब जाता. आज ते अंतर बरं वाटतंय, कारण मला तुमच्यावर रागवायचं आहे.

निवृत्तीनंतर मी एका फिरत्या दवाखान्याच्या गाडीवर औषधांचं काम बघते. गाडी तोरणमाळकडच्या पाड्यांवर जाते आणि वरच मुक्काम करते. या दिवसांत तिथे सकाळी गवतावरचं दव गोठलेलं असतं, आणि बाळांना तर वजनासाठी उघडं करावं लागतं. म्हणून गाडीत पार्किंग हीटर बसवला आहे. सीटखाली मावेल एवढंसं यंत्र, टाकीतलं डिझेल थेंब थेंब घेऊन जाळतं आणि गाडी बंद असतानाही आत गरम हवा सोडतं. तुम्ही असतात तर आधी ते उलटं करून बघितलं असतंत. गेल्या काही फेऱ्यांत हा हीटर वर पेटलाच नाही. भावाच्या गॅरेजात, म्हणजे तुमच्याच गॅरेजात, आणला की मात्र पहिल्या बटणाला पेटायचा. तिथला मिस्त्री वैतागून म्हणाला, "हीटरमा काहीच नही. डायवरले चालाडता येत नही." आमच्या नर्सबाईंनी शेवटी सांगून टाकलं की थंडी सरेपर्यंत बाळांची तपासणी बंद ठेवू. थंडीतच तर ती पोरं आजारी पडतात.

मग मी तेच केलं जे तुम्ही शिकवलं होतं. पान्याला हात लावायच्या आधी गाडी चालवणाऱ्याला बोलू दिलं. आमचा ड्रायव्हर धानोऱ्याचा, मिस्त्रीच्या बोलण्यानं दुखावलेला. "बाई, गॅरेजमा इंजिन चालू ऱ्हास. वर मी गाडी बंद करस नि बटन दाबस. पंखा फिरस, पंप टकटक करस, धवळा धूर निंघस, नि बंद पडी जास." त्यानं निम्मं सांगितलं तेव्हाच मला कळलं होतं, तरी पूर्ण ऐकून घेतलं. इंजिन चालू असेल तर बॅटरीला इंजिनाकडून वीज मिळत राहते. बंद असेल तर तिला एकटीनंच निभावावं लागतं, आणि डिझेल पेटवणारा प्लग लाल व्हायला सुरुवातीलाच सगळ्यांत जास्त वीज मागतो. मीटर लावला. बॅटरीवर काही कमी नव्हतं, पण बटण दाबताच हीटरपाशी काटा खाली आला. वाटेत कुठेतरी वीज अडत होती. मॅट उचलली तर दिसलं की बसवणाऱ्याला वायर कमी पडली होती. त्यानं बारीक वायरचा तुकडा पिळून जोडला होता आणि वर काळी टेप गुंडाळली होती. टेप सोलल्यावर आतलं तांबं हिरवं पडलेलं. तो तुकडा काढला, जाड वायर टाकली, अर्थिंगची जागा पॉलिशपेपरनं घासून चकचकीत केली. इंजिन बंद ठेवून बटण दाबलं. आधी भसाभस पांढरा धूर आला, न जळलेलं डिझेल आत साचलं होतं ना. मग धूर विरळ झाला, आत ज्योत धरल्याचा आवाज आला आणि माझ्या हातावर ऊब आली. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, तुम्हले कोणी शिकाडं?" मी मॅट परत जागेवर अंथरली.

तुम्हाला तो ट्रॅक्टर आठवतो का? मी कॉन्व्हेंटच्या हॉस्टेलवरून सुट्टीला आले आहे. पुरुषोत्तमनगरच्या कारखान्याला निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या आपल्या दारात उभ्या आहेत. कळसाडीच्या एका मोठ्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर रोज अर्ध्या वाटेत बंद पडतो. तुम्ही पंप उघडलात, फिल्टर बदललात, काही सापडेना. मी त्याच्या ड्रायव्हरला विचारते, बंद पडल्यावर तू काय करतोस? तो सांगतो, "झाकन उघाडीसन डिझल देखस, मंग चालू व्हस." मी टाकीचं झाकण हातात घेते. त्याचं हवेचं भोक मातीनं बुजलेलं आहे. हवा आत शिरत नाही म्हणून डिझेल खाली उतरत नाही. मी तारेनं भोक मोकळं करते आणि तुमच्याकडे बघते. तुमचे डोळे हसतात. आप्पा, ते हसू खरं होतं, म्हणून तर पुढचं सोसत नाही. मालक विचारतो, "कोणी शोधं रे हाई?" तुम्ही हात भावाच्या खांद्यावर ठेवता. "आमना पोऱ्यानी." भाऊ कोपऱ्यात ऊस सोलत बसलेला. तो दचकतो, मग छाती काढतो. माझ्या हातात अजून ती तार आहे.

संध्याकाळी चुलीपाशी तुम्ही मला शाईचं पेन दिलंत. आई भाकरी थापत होती. तुम्ही म्हणालात, "तुन्हं नाव सांगतू ते त्याना ट्रॅक्टर परत येता का? तू लिखीसन मोठी व्हय." शाळा संपल्यावर गॅरेजात घेण्याचा तुमचा शब्द मी आठवून दिला, "पण तू ते सांगेल व्हतं, शाळा सरनी का गॅरेजमा मन्हासंगे बस." तुम्ही भाकरीचा तुकडा मोडत राहिलात. आई म्हणाली, "जेवू दे त्याले." एवढंच. मी लिहून मोठी झाले, शाळेत विज्ञान शिकवलं. शिकवताना कधी हात काळे करावे लागले नाहीत. तुम्ही वाईट बाप नव्हता. मला तापात मांडीवर घेऊन बसायचात, हॉस्टेलवर केळी घेऊन यायचात. ते सगळं मी जपून ठेवलंय. पण ज्यानं मला ऐकायला शिकवलं त्यानंच माझं ऐकलेलं दुसऱ्याला देऊन टाकलं, आणि तेही हसून.

आता राहिलेलं सांगते. उद्या गाडी वर जाणार होती, तपासणी ठरली होती. हीटर पेटला होता, धुराचा पाइप मी घट्ट करून बाहेर काढला होता, सगळं दोनदा पाहिलं होतं. तरी मी भावाला फोन केला. म्हटलं, आत तान्ही बाळं असणार, धूर आत आला तर काय, एकदा येऊन बघून जा. तो आला. गुडघे दुखतात त्याचे, कण्हतच खाली वाकला. कशालाही हात लावला नाही. मोबाइलचा उजेड पाडून इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाला, "बराबर शे, आक्का. काय व्हयनं व्हतं याले?" मी सांगितलं. त्यानं मान हलवली. त्याला ते नीट समजलं नाही, हे मला कळत होतं. ड्रायव्हरचा चेहरा सैल झाला. नर्सबाईंनी औषधांचे खोके आत ठेवायला घेतले.

आणि आप्पा, भावाच्या त्या दोन शब्दांनी माझ्याही छातीवरचं ओझं उतरलं.