चक्रावरचा पोचा

सरदारजी,

तुम्ही कुठे आहात ते पलटणीलाही ठाऊक नाही, म्हणून हे पत्र माझ्यापाशीच राहील. बसऱ्यापलीकडच्या वाळूत तुमच्या पगडीवरचं पोलादी चक्र तेवढं सापडलं. ते गेल्या आठवड्यात घरी आलं.

बापूजी म्हणाले, "आता केहरसिंग हिच्यावर चादर घालून हिला बायको करेल. तरणी सून अशी किती दिवस ठेवायची?" तुमचा धाकटा भाऊ मान खाली घालून ऊस सोलत राहिला.

चक्राच्या काठाला पोचा होता. सुट्टीत म्हशीनं त्यावर पाय दिला, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "साहेबाला सांगेन, पठाणाचा वार झेलला."

मी म्हणाले, "हे त्यांचं नव्हे."

"लोखंड कधी ओळखू येतं का, सूनबाई?"

तुमच्या आंधळ्या आईनं, बेबेनं, चक्रावरून बोटं फिरवली. पोच्यापाशी ती थांबली. त्या दिवशी म्हशीला शिव्या तिनंच घातल्या होत्या.

"सून खरं बोलते," ती म्हणाली. "दुसऱ्या कुण्या आईच्या लेकाचं आहे."

चक्र आता तिच्या उशाखाली आहे. पहाटे मोहरीवरच्या धुक्यातून तुम्ही साधीच पगडी बांधून येता, आणि बेबे झोपेत म्हणते, "थांब पुत्तर, तुझं चक्र देते."

तुमचीच,
ईशर कौर