जात्यावरून उठलेल्या पाचजणी

बाई,

आज वर्गात एका आगाऊ पोरीनं विचारलं, "बाई, तुमच्या येळंला तर पाळण्यातच लग्नं लागायची म्हनं. मग तुमी कशा सुटला?" मला असं काही हसू फुटलं की उरलेला तास त्यातच गेला आणि फळ्यावरची गणितं तशीच राहिली. तुम्ही असता तर दोघींनाही रागावला असतात. पण ती गोष्ट सांगताना मला अजून अंगात वारं शिरल्यासारखं होतं. पोरींना सांगून पोट भरलं नाही, म्हणून आता तुम्हाला लिहायला बसले आहे.

वडगावातलं ते वर्ष आठवतं ना? पाऊस पाठ फिरवून गेलेला, कालव्याच्या पाण्याची पाळीही येईना. घरोघरी एकच बोलणं, पोर उजवून टाका, खाणारं एक तोंड कमी. चौदाच्या आत मुलीचं लग्न लावायचं नाही असा नवा कायदा होता. पण नीरा ओलांडली की संस्थानची हद्द, तिथं कायदा विचारतो कोण, असं आमचे वडील, तात्या, मिशीवरून हात फिरवत सांगायचे. थोरली बहीण सतराची, तिचं लग्न नदीपलीकडं ठरलेलंच होतं. तिच्या धाकट्या दिराला मी द्यायची, अकरा वर्षांची. एकाच मांडवात दोन्ही बार उडणार होते. तुम्ही तात्यांशी वाद घालायला आला नाहीत, तुम्ही गावातल्या बायकांकडे गेलात. प्रत्येकीनं मूठभर धान्य शाळेत आणायचं आणि त्याच्या कण्या शिजवून दुपारी मुलींना घालायच्या, म्हणजे ते एक तोंड घराला जड होणार नाही. शिवाय खंडोबाच्या देवळात तुम्ही त्यांना बेलभंडारा उचलून शपथ घ्यायला लावलंत, की लहान पोरीच्या हळदीला जात्याला हात लावायचा नाही. पाच सुवासिनींनी जात्याचा खुंटा धरल्याशिवाय आमच्याकडे लग्नाची हळद दळत नाहीत, हे तुम्ही बरोबर हेरलं होतं. भटजी नदीपलीकडं मिळेल हो, पण हळद मुलीच्याच अंगणात दळायची, त्याला सुवासिनी कुठून आणणार!

हळदीची सकाळ. अंगणात जातं मांडलंय, त्याला आंब्याची पानं बांधलीत. पाचजणी बसतात, ओव्या म्हणतात, थोरलीची हळद पिवळीधमक पडते. मग तात्या माझ्या हळकुंडांचं सूप पुढं सरकवतात. ओवी थांबते. पाचहीजणी पदर सावरत उठतात.

"का वो, काय झालं?"

"भंडारा उचललाय आमी, तात्या," शेजारची काकू म्हणते. "पोर ल्हान हाय."

"मग जावा! तुमच्याबिगर माजं अडत न्हाय." तात्या आईकडे वळतात. "तू बस गं. आय हायेस ना तिची? बाकीच्या मी आनतो भावकीतनं."

आई जागची हलत नाही. "मी बी उचललाय," ती म्हणते. "खंडोबाम्होरं. मी न्हाय बसायची."

आईनं तात्यांना दिलेला तो पहिला नकार. मला भर अंगणात नाचावंसं वाटलं! तात्या आधी तांबडेलाल झाले, मग पटका काढून ओट्यावर टेकले. बायकांशी भांडता आलं असतं, पण कुलदैवताशी कोण भांडणार? एकाच नवरीची हळद झालीय, असा निरोप त्यांनी स्वतःच नदीपलीकडं धाडला. तुम्ही विधवा, म्हणून हळदीच्या अंगणात तुम्हाला पाऊल टाकता येत नव्हतं. समोरच्या लिंबाखाली उभ्या होतात. मी धावत येऊन ओरडले, "बाई, माजं न्हाय झालं लगीन!" तुमचे डोळे भरले होते, आणि तोंडानं काय म्हणालात? "मग इथं काय करतेस? शाळेची घंटा झाली."

हे पत्र टपालात पडायचं नाही, तुम्ही गेलात, आता कुठल्या गावी धाडू? पण एक सांगते, हसू नका. इतकी वर्षं झाली, मी वर्गाशी पोचले की मुली "बाई आल्या, बाई आल्या" म्हणत उभ्या राहतात, आणि मी अजून दारात एक पाऊल बाजूला सरते, तुम्हाला आधी आत जाता यावं म्हणून.