निवण्याचा वेळ

नमनगान, १७ जानेवारी

उस्ताद हमरोकुल यांना मुहय्योचा सलाम.

तब्येत कशी आहे? या थंडीत हलीमा आपांचे गुडघे फार दुखत असतील. आमच्याकडे आठ दिवस गॅस नाही. आई घरातही कोट घालून वावरते. तुम्ही कारखाना सोडलात त्याला चार महिने झाले. मी एक ओळ पाठवली नाही. रागावू नका म्हणायलाही तोंड नाही.

आपली कोळशाची नवी शेगडी पाच महिन्यांत तयार झाली. पूर्वी दीड वर्ष लागायचं. यातलं बरंचसं काम चांगलंच झालं, हे तुम्हीही मान्य कराल. आराखडा काढणारे आणि ओतकामवाले आपण एका टेबलाशी बसवले. एकेक भाग झाला की लगेच तपासला. जाळी तीनदा बदलली, धुराडं दोनदा. कुठे हयगय केली नाही.

शेगडीच्या दाराची फट बंद करून वायू आत अडवणाऱ्या दोरीचं तेवढं राहिलं.

तुम्ही म्हणाला होतात, "तापव, पूर्ण निवू दे, पुन्हा तापव. असं सहा आठवडे." मी सगळ्यांसमोर म्हणाले, "न विझवता दुप्पट आचेवर दोन आठवडे म्हणजे तेच झालं, उस्ताद. तुमचं घड्याळ जुन्या राजवटीतच बंद पडलंय." लोक हसले. तुम्ही चहाचा पेला उपडा ठेवलात आणि निघून गेलात.

दोन आठवडे मी शेगडी निवूच दिली नाही. चौदाव्या दिवशी विझवली, तेव्हा दोरी आक्रसून ताठ झाली होती. फटीत माझं बोट जात होतं. डायरेक्टर बाहोदिर साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "अगं, थंडी तोंडावर आलीय. नवी दोरी बसव आणि कागद पुढे पाठव."

मी बसवली.

गेल्या सोमवारी चुस्तजवळच्या एका गावात शेजाऱ्यांनी सालोमत नावाच्या शिक्षिकेच्या घराचं दार फोडलं. ती, तिची सासू, दोन मुली. चौघी अंथरुणातच. कोळशाच्या वायूला वास नसतो, त्यांना कळलंही नसेल. शेगडी आपली होती. मी जाऊन पाहून आले. धुराडं अगदी नीट बसवलेलं होतं. दाराची दोरी तशीच आक्रसली होती. साहेब मात्र सगळ्यांना सांगत सुटलेत, "त्यांनीच वाकडं बसवलं."

अशा आणखी सहाशे शेगड्या घराघरांत पेटलेल्या आहेत.

उस्ताद, इतकं लिहिलं तरी मुख्य गोष्ट लिहिलेली नाही. तपासणीच्या कागदाला विभागप्रमुखाची सही लागत होती. तुमच्या जागी माझ्या नावाचा हुकूम तेव्हा निघाला नव्हता. कागदोपत्री तुम्हीच होतात. बारा वर्षं तुमच्या शेजारी बसले. तुमची सही मला पाठ आहे. ती मी केली. साहेबांनी सांगितलं नव्हतं, त्यांनी फक्त कागद पुढे सरकवला होता.

तो कागद काल तपास अधिकाऱ्यांनी नेला. त्यावर तुमचं नाव आहे. तुम्ही गेलात म्हणून माझ्या मनात राग होता का? होता. पण सही करताना तोही नव्हता. फक्त घाई होती.

दोरीच्या चाचणीच्या नोंदींची वही घेऊन मी आत्ता तपास कचेरीत निघाले आहे. आजच गावोगाव शेगड्या विझवायला लावा, म्हणून त्यांच्या पाया पडेन. मग माझं काय व्हायचं ते होईल. पण त्यांची माणसं त्याआधीच कोकंदला तुमच्याकडे पोहोचतील, अशी भीती वाटते, म्हणून हे भाचीच्या हाती पाठवते आहे.

ते आले तर वाद घालू नका. आपांना आत बसवा. आणि हे पत्र त्यांच्या हातात द्या.

मुहय्यो