हातभर चाकाला भाताचा दाणा

कुळगाव, सोम. १२ नोव्हें. १९५६
चार दिवस झाले, माझा मुलगा दत्तू घरी बसून मला चूल पेटवायला शिकवतोय. इतकी वर्षं मी काय शेकोटी करत होते? श्री गजानन प्रसन्न. हे आधी लिहायचं असतं, रागात राहिलं.
अंबरनाथच्या कारखान्यात त्याच्या यंत्राचं दातेरी चाक तुटलं. नवं विलायतेहून बोटीनं यायचं होतं, ते वाटेत अडकलं. यंत्र बंद, चाळीस माणसं घरी. बोट लागेपर्यंत काम नाही म्हणे.

बुध. १४
नातीनं, शकूनं, पेपर वाचून दाखवला. मिसरनं, पेपरात इजिप्त म्हणतात, सुएझचा कालवा ताब्यात घेतला. विलायतेनं मिसरचे पैसे आपल्या बँकेत अडकवले, मग फ्रान्सला जोडीला घेऊन बाँब टाकले. मिसरनं कालव्यातच जहाजं बुडवली. आता बोटी अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालणार.
शेजारची यमू म्हणते, "पाटकऱ्याला सांगून दार का उघडत नाहीत?" तिला कालवा म्हणजे शेताचा पाट. मी हसले. शकूनं सांगेस्तोवर मलाही तसंच वाटत होतं. यमूला कळायला नको.
भांडण त्यांचं, घरी बसला माझा दत्तू.

रवि. १८
चाक इथंच ओतून घेऊ का विचारल्यावर फोरमन तोंडी "कर" म्हणाला, म्हणून दत्तू तुटकं चाक घेऊन उल्हासनगरला लालूमलच्या भट्टीवर गेला. लालूमल शेगड्या ओततो. तुकडे जोडून तेच वाळूत दाबलं, उठलेल्या ठशात लोखंड ओतलं. दिसायला देखणं. बसवलं तर शेजारच्या चाकाला दातच लागेनात.
लालूमल म्हणाला, "शेगडी में तो चलता है, भाई."
दत्तू जेवला नाही.

सोम. १९
जुनं नि नवं, दोन्ही चाकं घरी आणायला लावली. सुतळीनं मापली. हातभर चाकाला भाताच्या दाण्याएवढं कमी.
माझा बाप कुंभार. कौलाचा साचा कौलापेक्षा मोठा ठेवायचा. माती वाळताना आटते. मग लोखंड निवताना काय फुगणार?
"आई, माती वेगळी, लोखंड वेगळं."
"गप. दाणा वाढव."
लाकडाचा साचा हवा, न वाकणारा. माझा लग्नातला सागवानी पाट दिला. खाली बसून काही कुणी मरत नाही.

मंगळ. २७
लागलं. दाताला दात. यंत्र सुरू, चाळीसही जण आत.
फोरमननं विचारलं, माप कुणी काढलं? दत्तू म्हणाला, "आईनं." सगळ्यांसमोर. मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं, यमू आल्यावर तिसऱ्यांदा. वर म्हटलं, त्यात काय एवढं.

शनि. १ डिसें.
मुंबईच्या मोठ्या साहेबाची इंग्रजी चिठ्ठी. अर्धी शकूला कळली, अर्धी तिच्या मास्तरांनी सांगितली. चाक कुणाच्या हुकमानं बसवलं? मोडलं तर जबाबदार कोण? नाव लेखी कळवा.
फोरमनला आता काही आठवत नाही. दत्तू म्हणतो, लालूमलचं नाव घालू, त्याचं काय जातंय. मी त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं.
मोडेलही चाक. विलायतेचं मोडलंच की. बोट अजून आफ्रिकेच्या खाली कुठं तरी आहे.
उत्तर दत्तूनंच द्यायचं. उद्या, मराठीत, स्वतःच्या सहीनं. माप कुणाचं विचारलं तर माझं नाव, माझ्या बापाच्या नावासकट. लालूमलचं नाव कागदावर आलेलं मला दिसता कामा नये.