घमेल्यातला रंग

दि. ९ जानेवारी

प्रिय धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. तुझ्या मोठ्या दिरांचा गुडघा अजून दुखतो, पण फक्त कापडांचे गठ्ठे उचलायची वेळ आली की. जेवायला बसताना तो पूर्ण बरा असतो.

सात वर्षांत तुला पत्र लिहिलं नाही. निरोप धाडले, तेही दोघा भावांच्या फोनमधून, “तिकडे बरे ना सगळे” एवढेच. आज लिहिते आहे, कारण बातमी मोठी आहे आणि नवऱ्यामार्फत पाठवली तर निम्मी वाटेत सांडेल.

तर, शनिवारी आपण एक लग्न जिंकलं! (“आपण” सवयीनं लिहिलं गेलं. खोडत नाही.) चोवीस टेबलांची कापडं, दोनशे चाळीस नॅपकिन, सगळं लिनन, सगळं हातानं रंगवलेलं. पाहुणे आत आले आणि जेवायचं सोडून टेबलांना हात लावून बघत बसले. एका गृहस्थांनी नॅपकिन खिशात घातला. मी तो काढून घेतला नाही, यावरून माझ्या आनंदाची कल्पना कर.

नवरी दातांची डॉक्टर. पांढऱ्याच्या सोळा छटा तिला पाठ. मी दाखवलेलं क्रीम, फिकं क्रीम आणि त्यांचं चुलत क्रीम, तिन्हींकडे तिनं किडक्या दाढेकडे बघावं तसं बघितलं. सोबत डेकोरेटर. हा माणूस खुर्ची सरकवली तरी “व्हिजन” म्हणतो. शेवटी ती कंटाळून उठली आणि इस्त्रीच्या टेबलापाशी थांबली. त्यावर आम्ही घातलेलं जुनं कापड आहे ना, कडेला मधासारखं पिवळं आणि मध्ये धुरकट, पिवळ्या काचेवर कुणी श्वास सोडावा तसं, त्यावर तिनं बोट ठेवलं.

“मला हा रंग हवा.”

“अहो, तो बिघडलेला आहे.”

“मग बिघडवून द्या.”

डाळिंबाच्या सालींचा पिवळा मी झोपेतही काढते. धुरकटपणासाठी गंजके खिळे व्हिनेगरमध्ये भिजवले आणि ते पाणी रंगात ओतलं. पहिलं कापड काळं झालं, दुसरं त्याहून काळं. तिसरं बघून तुझे दीर म्हणाले, “छत्री छान झालीय.” लग्नाला उरले अकरा दिवस.

तेव्हा आपली इस्त्रीवाली म्हणाली, “वहिनी, घमेलं आणू का?”

“कसलं घमेलं?”

“लोखंडाचं. त्या दिवशीसारखं.”

“कुठल्या दिवशी?” मी विचारलं. इतका भोळा चेहरा मला माझ्या लग्नातसुद्धा जमला नव्हता.

“टब भरले होते म्हणून तुम्ही ओली कापडं घमेल्यात कोंबलीत ना? धाकट्या वहिनी आत फोनवर होत्या. मी बघत होते की.”

“मग सात वर्षं बोलली का नाहीस?”

“तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही तर सांगत होतात.”

तर असं आहे, धाकटे. रंगाजवळ लोखंड आणायचं नाही हा नियम तुझा. तो मोडला मी. दुसऱ्या दिवशी, ज्या लग्नासाठी ती कापडं होती, तिथल्या नवरीची आई ओरडली, “हे लग्नाचं टेबल आहे की गॅरेजचं फडकं?” आणि मी म्हणाले, “धाकटीचं लक्ष नव्हतं.” तीन शब्द. तू माझ्याकडे एकदाच बघितलंस, हातमोजे काढलेस आणि महिन्याभरात तुम्ही बिऱ्हाड हलवलंत. मी मात्र सगळ्यांना सांगत राहिले, की तिला जरासुद्धा बोललेलं सोसत नाही. इतक्यांदा सांगितलं की मलाही ते पटलं होतं.

पण रंगाला असलं पटत नाही. त्याला नेमकं सांगावं लागतं. कापडं किती ओली होती, किती वेळ होती, झाकली होती का? एकेक आठवून मला माझ्याच हातानं वहीत उतरवावं लागलं: “जेवणानंतर, घाईत, घडी न घालता, ओल्या गोणपाटाखाली, चहापर्यंत.” इस्त्रीवालीनं आधी नीट घड्या घालून ठेवली तर पट्टे उमटले. “घाबरल्यासारखं कोंब,” म्हटलं. मग जमलं! जिथे लोखंड लागलं तिथे धूर, आत दडलं तिथे मध. काय देखणं दिसत होतं, काय सांगू तुला!

आणि शनिवारी, नवव्या टेबलावर कोण? तीच, तेव्हाच्या नवरीची आई. कापडाचं टोक चिमटीत धरून म्हणते कशी, “अगं बाई, हा तर तोच! तुमच्या जावेनं बिघडवलेला!” टेबल हसलं. पलीकडे डेकोरेटर दोन मावशांना आपली व्हिजन समजावत होता. मी नुसतं हसले असते तरी भागलं असतं, आणि जिंकलेलीही राहिले असते.

“नाही,” मी म्हणाले. “बिघडवला मी. जावेनं बजावलं होतं तरी लोखंडात टाकला मी, आणि नाव तिचं घेतलं.”

जरा मोठ्यानं म्हणाले. माझा आवाज तुला माहीत आहे. सातव्यापासून अकराव्या टेबलापर्यंत चमचे थांबले. बाईंचा घास तोंडाशीच राहिला, डेकोरेटरची व्हिजनसुद्धा गप्प झाली. नवरी उठून आली आणि तिनं सरळ विचारलं, “मग त्या कुठे आहेत?”

चोवीस टेबलांचं कौतुक झेलताना मी अडखळले नव्हते. इथे अडखळले.

निघताना हॉलच्या मालकीणबाईंनी वर्षभराची सगळी लग्नं देऊ केली. मी म्हटलं, “भागीदारणीला विचारून सांगते.” त्या म्हणाल्या, “भागीदार आहे तुम्हाला?” म्हटलं, “तेच तर विचारायचं आहे.”

तेव्हा विचारते. माफी मागायचा मला सराव नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून साधंच लिहिते: चूक माझी होती, खोटंही माझं होतं, आणि तू गेलीस ते माझ्यामुळे. आलीस तर रंगाचं सगळं तुझ्या हुकमानं चालेल. गिऱ्हाइकांशी मी बोलेन, आणि खरं बोलेन. नाही म्हणायचं असेल तर तेही लिही. ते इस्त्रीवालीसमोर आणि तुझ्या दिरांसमोर मोठ्यानं वाचून दाखवीन, एक शब्दही न बदलता.

शनिवारपासून अर्ध्याच कारखान्याची मालकीण,
तुझी
थोरली