दोन सिगारेटींची टाकी

मंगळ., ८ नोव्हें. ९४
भाऊबीज उरकून मीना आज डोंबिवलीला सासरी गेली. पाचवा महिना. दारात चप्पल घालताना म्हणाली, "बाबा, बाळंतपणाला मी इथे यायचं ना? मग घरात सिगारेट नको. नाहीतर तिकडेच राहीन, सासूबाईंना विचारून ठेवलंय." लेकीचं पहिलं बाळंतपण आणि माहेरी नाही! तिच्या आईचा, सुनंदाचा, चेहरा असा पडला की मी शब्द देऊन बसलो. पाकिटात चार उरल्या होत्या, त्या शेजारच्या शहाभाईंना देऊन टाकल्या. सत्तावीस वर्षं... असो.

गुरु., १० नोव्हें.
गंमत आहे. नऊ ते एक कारखान्याच्या स्टोअरमध्ये थिनरच्या पिंपांत बसतो, तिथे ओढायला बंदी. एकदाही आठवण आली नाही. एकला गेटबाहेर पाऊल टाकलं, बाळूकाकांच्या पानटपरीवर टांगलेली जळती दोरी दिसली आणि जीव नुसता कासावीस. म्हणजे तलफ माझ्यात नाहीच, त्या दोरीला बांधलेली आहे! बाळूकाका काशीगावचे, माझी वेळ त्यांना पाठ. "सायेब, आज न्हाय? तब्येत बरी हाय ना?" उद्यापासून मागचं गेट. लांब पडतं. पडू दे.

रवि., १३ नोव्हें.
बिल्डिंगमध्ये नाक कापलं गेलं. मीरा रोडला फ्लॅट घेताना पाण्याचं कुणी बोललं नव्हतं, आता टँकरवर दिवस काढतोय. आज टाकीवर उभं राहायची पाळी माझी आणि शहाभाईंची. आमचा अंदाज वर्षभराचा पक्का: माणशी दोन सिगारेटी संपल्या की टाकी भरली, पाइप काढायचा. आज मी ओढेना, म्हणून तेही ओढेनात. "अकेले पीने में मजा नहीं आता, साहब." दोघं कोरड्या गप्पा मारत राहिलो. टाकी भरून पाणी गटारापर्यंत गेलं तरी पत्ता नाही. तिसऱ्या मजल्यावरून सु. ओरडली तेव्हा आपले पाय भिजलेत हे कळलं. बायकांनी जे काही ऐकवलं ते लिहीत नाही. जिन्यात मात्र आम्ही दोघं हसून हसून खाली बसलो. पुढच्या वेळी शहाभाई घड्याळ आणणार.

रवि., २० नोव्हें.
सकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत बसलो, आणि हात आपोआप खिशात. खुर्ची, चहा, समोर मिठागरं. एवढं पुरतं मला. सु.ने खुर्ची उचलून माळ्यावर टाकली, तिच्या जागी मेथी पेरलेले डबे. आता चहा स्वयंपाकघरात, उभ्याने, स्टीलच्या पेल्यात. बेचव लागतो. पण तलफ आली नाही. माणूस तोच, खुर्ची तेवढी हलली. हे इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नाही.

रवि., ४ डिसें.
हरलो. संध्याकाळी लाइट गेली. सु. म्हणाली मेणबत्ती लावा. काडी ओढली, तो वास नाकात गेला... मेणबत्ती लावली आणि सरळ जिन्यात. शहाभाई होतेच. एक झुरका. स्वर्ग, आणि पाठोपाठ लाज. लपवून ठेववेना, मीनाला पत्र टाकलं.

सोम., १२ डिसें.
मीनाचं उत्तर. अख्ख्या आंतरदेशीय पत्रात दोन वाक्यं. "एक झुरका माफ. दुसऱ्याला डोंबिवली." काडेपेटी आता सु.च्या कमरेला. देवाचा दिवाही तीच लावते.

रवि., ८ जाने. ९५
आली! दारातून आत येऊन आधी पडदा नाकाला लावला, मग उशी, मग माझा शर्ट. आम्ही दोघं बघायच्या कार्यक्रमातल्या मुलीसारखे उभे. "बरं, राहते." सु.ला रडू आलं. मलाही, थोडं.

मंगळ., १४ मार्च
नात झाली! हॉस्पिटलबाहेर तीन तास. झाडाखाली सगळे होऊ घातलेले बाप, सगळे ओढतायत. जावईबापूंनीही एक पेटवली, मला बघून विझवली. मी काढ्याचा थर्मास दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. काळजीत ओढावीशी वाटते हे माहीत होतं. आनंदात चौपट वाटते हे आज कळलं. ओढली नाही. मी फार खूश आहे.

रवि., २६ मार्च
ज्या घरात धूर नको म्हणून एवढी यातायात, तिथे आता रोज सकाळी माझ्याच हातून धूर. आंघोळीनंतर मायलेकींना ओव्याची धुरी द्यायची. निखारे फुलवायचं काम माझ्याकडे. सु. म्हणते, "इतकी वर्षं धूरच काढलात, फुंका आता." मीना खोकत खोकत हसते.

बाळाला कोवळं ऊन हवं म्हणून खुर्चीही माळ्यावरून उतरली. आज बसलो. तीच गॅलरी, तीच मिठागरं, शेजारी चहा, शर्टाला धुराचा वास. तलफ आली, अगदी वेळेवर. पण दोन्ही हात बाळाखाली. तिने जांभई दिली, मी बघत राहिलो. चहा गार झाला. तलफ कधी उठून गेली कळलं नाही.

मीना म्हणाली, "तीन महिने झाले की आम्ही जाणार बाबा. मग काय कराल?"

"ही खुर्ची तुझ्याबरोबर पाठवतो."

ती हसली. मी थट्टा करत नव्हतो.