वाळूची माया

२ मे

अरियुना बाळा, तुझा गुडघा कसा आहे? जावईबापूंचा खोकला गेला का? सासूबाईंना भूक लागायला लागली का? आणि आमची सोलोंगो? पुढचे दात आले, की अजून बोळक्यानंच हसते? तुमच्या त्या म्हाताऱ्या कुत्र्याचंही कळव.

मी ठणठणीत आहे. इथे फोन लागत नाही, म्हणून रोजनिशी तुझ्याशी बोलल्यासारखीच लिहितोय. कुणी सोमच्या, तालुक्याच्या गावाला निघालं की पानं धाडीन.

जागा दृष्ट लागण्यासारखी आहे. माझ्या नमद्याच्या तंबूच्या, या गेरच्या दारातून उजवीकडे लाल मातीचे कडे, त्यांत मध्येच गोट्यांचा पांढरा पट्टा. म्हणजे इथून कधीकाळी नदी वाहत होती. डावीकडे वाळूची मोठी टेकडी, तिच्यामागे काळे डोंगर. जन्मभर दगड शोधणाऱ्यांची गाडी हाकली, त्यांच्या गप्पा ऐकून ऐकून चार अक्षरं कळायला लागली, तीच म्हातारपणी कामी आली. राष्ट्रीय उद्यानवाल्यांनी काम दिलंय ते एवढंच, की टेकडी झऱ्याकडे किती सरकते ते खुंट्या ठोकून बघायचं.

शेजारीण दुल्मा, उंट पाळते. तोंडाची फटकळ, मनाची लोणी. पहिल्याच दिवशी म्हणाली, की दादा, सरकारनं तुम्हाला वाळू राखायला बसवलंय, पुढच्या वर्षी वारा वळायला लावतील! हसता हसता मिठाचा चहा माझ्या नाकात गेला.

शाळा सुटली की सोलोंगोला घेऊन ये. कड्यात अंड्याचं दगड झालेलं टरफल सापडलंय, ते तिला दाखवायचंय. उचललं नाही हो, जागच्या जागीच आहे.

९ मे

आज टेकडी गायली. भर दुपारी, ऊन तापलेलं असताना वरून वाळू घसरली आणि असा घुमारा उठला, की छातीत थरथरलं. यात भुताटकी काही नाही. कोरडे, गोल कण एकमेकांवर घासतात, त्याचा आवाज. तरी ऐकताना वाटतं, की कुणी उंटीण पिल्लासाठी हंबरतेय.

१४ मे

दुल्माच्या एका उंटिणीनं पांढरं पिल्लू टाकलं. जवळ आलं की लाथ. अशा वेळी गाऊन आईचं मन वळवतात, पण दुल्माचा घसा बसलेला, म्हणून मी उंटिणीच्या मानेवर हात ठेवून तुझ्या आईचं ते "हूस, हूस" गात बसलो. कितीतरी वेळ. शेवटी उंटिणीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि तिनं पिल्लू पोटाशी घेतलं. दुल्मा म्हणाली, की दादा, तुमचा आवाज फुटक्या घागरीसारखा, पण माया खरी हो! दिवसभर हवेत होतो.

१५ मे

जरा वेडेपणाच केला. खुंट्या बघायला गेलो तर टेकडी पुन्हा हंबरत होती. कालची धुंदी अंगात होतीच. बिचारी रडतेय, असं वाटलं. उतारावर हात ठेवला आणि गायलो. हूस, हूस.

ती चटकन गप्प झाली.

मग शेंड्यापासून खालपर्यंत ओली, काळी रेघ उतरली. बोट लावून चाखलं. खारट. इथे महिनोन्महिने पावसाचा थेंब नाही. खालून पाझर फुटला असेल. असेल.

१८ मे

वारा वायव्येचा. वाळूनं वाऱ्यामागे जायचं, झऱ्याकडे. पण झऱ्याकडच्या खुंट्या मोकळ्या आणि माझ्या गेरकडच्या साऱ्या गाडल्या गेल्यात. ती वाऱ्याच्या तोंडावर चढून येतेय. दगड शोधणाऱ्यांच्या कुठल्याच गप्पांत हे ऐकलं नव्हतं.

२० मे

जेवून दुपारी पडलो होतो. जागा झालो तो तोंड वाळूनं भरलेलं. मऊ, कोमट वाळू. थुंकलो, चुळा भरल्या. दार तर बंद होतं.

रात्रीपर्यंत भूक लागली नाही.

२१ मे

दुल्माला सांगितलं. आधी हसली. गाण्याचं सांगितलं तेव्हा तिच्या हातातलं भांडं निसटलं. म्हणाली, की अहो, ते गाणं आईला पिल्लू पदरात घ्यायला लावायचं! त्या टेकडीसमोर पिल्लू कोण होतं? तुम्हीच ना? घेतलंय तिनं तुम्हाला. पाजतेय. आणि उंटीण पिल्लाचा वास कुठवर धरते, ते मी तुम्हाला सांगायला हवं का?

मग शेजारीण असून माझ्यापासून चार हात लांब सरकून बसली.

२३ मे

गेर उचलून कड्यापलीकडे मांडला. दुपारी दाराशी वाळू. तोंडात वाळू. चहा बेचव लागतो. आरूल, ते वाळवलेलं दही, चावलं तर ओकारी आली. बाळा, लाज वाटते लिहायला — ती वाळू मात्र गोड लागते.

२५ मे

दुल्मानं मोटरसायकलवर मागे बसवलं. तुझ्याकडे यायला निघालो होतो. खिंडीत वळून पाहिलं. टेकडीचा माथा आमच्यामागे. सपाट माळावर, जिथे कधी वाळूचा कण नव्हता तिथे.

उतरलो. दुल्मानं हात धरला, शिव्या दिल्या, रडली. पण तुझ्या दारात त्या टेकडीला कशी घेऊन येऊ? चालत परत आलो. तीही परतली. माझ्या चालीनं.

दुल्माला पुढे धाडलं, गावातून फोन करायला. सोलोंगोला आणू नका एवढंच सांग म्हटलं.

२६ मे

दुल्मा आली. जावईबापू म्हणाले म्हणे, की एकटेपणानं मामांचं डोकं फिरलंय, तेव्हा शाळा सुटायची वाट न बघता आम्ही लवकरच निघतो. पोरगी तर येणारच म्हणून हटून बसलीय.

नाही. नाही ना बाळा —

मला विचारलं दुल्मानं, की पोरीचं रक्त तुमचंच ना? उंटीण रक्ताचा वास —

मी इथे आहे तोवर टेकडी इथे. म्हणून हलत नाही. पाजते तेव्हा तोंड उघडतो. मुकाट्यानं.

२७ मे

ही पानं घेऊन दुल्मा फाट्यावर उभी राहील. तुम्ही दिसलात तर तिथूनच मागे फिरवेल. वाचा आणि फिरा. माझं वाईट वाटून घेऊ नका. दुखत नाही. फक्त जड —

दुल्मा लांबून हाक मारतेय, पानं द्या म्हणून. एवढं लिहितो आणि —

घुमारा थांबला. सकाळपासून चालला होता. थांबला.

सकाळपासून पायांवर चढून बसलेली टेकडी माझ्या अंगावरून उठलीये. माथा वळलाय. माझ्याकडे नाही, तुम्ही येणार त्या रस्त्याकडे.

अरियुना, तुम्ही अजून घरीच आहात ना? निघाला नाहीत ना? लवकर लिही, दोन अक्षरं, घरीच आहोत एवढंच, लगेच लिही, सोलोंगोला दार लावून आत —